डावा खांदा

रविवारी सकाळी तिन्ही भावंडं आईचं घर आवरायला जमली, तेव्हा दादा रिकाम्या हातांनी आला. आणि आपण रिकाम्या हातांनी आलो आहोत हे त्याने दारातच सांगून टाकलं. धाकट्याने खोकी, दोऱ्या आणि चिकटपट्टीची चार रिळं आणली होती. ताईने काचेच्या वस्तू गुंडाळायला आपल्या शिवणाच्या दुकानातल्या चिंध्यांचं गाठोडं आणलं होतं. ताईची मुलगी चहाचा थर्मास घेऊन आली होती. तिला घरात सगळे टाचणी म्हणत, ती तशी बारीक होती म्हणून आणि तशीच टोचायची म्हणूनही. दादाने शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेलं एक चिठोरं काढलं.

"प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि तीन प्रश्न विचारायचे," तो म्हणाला. "एक, ही नसती तर माझं काय अडलं असतं? दोन, मी हिचा मालक आहे की ही माझी? आणि तीन..."

"तीन, ही तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण नेणार?" टाचणी म्हणाली.

दादा सगळ्यांत मोठ्याने हसला. हीच पंचाईत होती, त्याच्यावर धड रागावताही येत नसे. पस्तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून तो निवृत्त झाला, आणि लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात किंवा एकमेकांना गुडघे दाखवत हिंडतात तसं न करता, जे शिकवलं होतं ते त्याने खरं करायला घेतलं. ते ग्रीस-रोममधले जुने स्टोइक लोक. त्यांच्यात एक गुलाम होता आणि एक सम्राट होता, आणि दोघांनी एकच गोष्ट सांगितली असं दादा म्हणायचा: काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात. वस्तू दुसऱ्या रकान्यात जातात, म्हणून त्या असताना माजू नये आणि गेल्या तर रडू नये. त्या जाईपर्यंत दादाला दम निघाला नाही, त्याने स्वतःच घालवल्या. फ्रिज गेला, टीव्ही गेला, पुस्तकं गेली, फोनही गेला. आता त्याच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक ताट, एक कप आणि खुंटीला दोन शर्ट होते. टाचणी त्याला एककप मामा म्हणायची. ठिकठिकाणचे लोक त्याला व्याख्यानाला बोलवायचे.

"हस, हस," ताई म्हणाली. "गुरुवारच्या व्याख्यानासाठी काल तीनदा फोन आला. माझ्या दुकानात. मी एका बाईंच्या कमरेला टेप लावून उभी, आणि ते मला विचारतायत, सरांना माइक कुठला लागतो."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, एकच लागतो."

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, वॉकर हाताशी होता. आपलं घर डोळ्यांदेखत खोक्यांत चाललेलं असताना ती एका रिळाचा सुटलेला दोरा परत गुंडाळत होती, आणि हसण्यासारखं काही झालं की हसत होती.

धाकट्याला मात्र हसू येत नव्हतं. त्याच्या मागच्या खिशात वृद्धाश्रमाचा अर्ज होता आणि बसला, वाकला की त्याची कड टोचत होती.

बावीस वर्षं तो लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करत आला होता. कुणाची म्हातारी पाचव्या मजल्यावर अडकली की अर्ध्या तासात पोचायचा, दार उघडून तिला बाहेर काढायचा, वर पाणीही द्यायचा. त्याच्या स्वतःच्या आईच्या इमारतीत लिफ्टच नव्हती. अडीच महिन्यांपूर्वी आई जिन्यात पडली. खुब्यात सळई घालावी लागली. हॉस्पिटलमधून आणल्यावर त्याने आणि एका शेजाऱ्याने तिला खुर्चीत बसवून तीन मजले वर चढवलं, आणि त्यानंतर ती आजपर्यंत खाली उतरलेली नव्हती. डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला होता.

मग कुठे न्यायची? ताई दुकानाच्या माळ्यावर राहायची. तिथे जायला लोखंडी शिडी होती. धाकट्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत त्याचे सासरे चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. राहता राहिला दादा, आणि दादाला कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा धाकट्यानेच चार वृद्धाश्रम पालथे घातले, एकात तळमजल्यावरची खाट मिळवली आणि आईला सांगितलं, "थोडेच दिवस गं, काहीतरी सोय होईपर्यंत." थोडे दिवस असं काही अर्जात लिहिलेलं नव्हतं. उद्या दहा वाजता तिला पोचवायचं होतं. घरातल्या सर्वांत मोठ्याची सही हवी होती.

त्याने भांडी भरता भरता दादाला ते सांगितलं, तेव्हा दादाने चौकशी केली ती एवढीच, "तिथे सामान किती नेता येतं?"

"खाटेशेजारी एक कपाट असतं. दोन फूट रुंद."

"उत्तम," दादा म्हणाला. "दोन फुटांत न मावणारं माणसाला लागतं तरी काय?"

धाकट्याने एक पातेलं खोक्यात जरा जोरातच ठेवलं. त्याच्या घरच्या माळ्यावर दादाच्या पुस्तकांची चार खोकी होती. 'वाटून टाकीपर्यंत' म्हणून दोन वर्षांपूर्वी आली होती. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी दादा यायचा, शिडी लावून एखादं खोकं उतरवायचा आणि सासऱ्यांच्या खाटेच्या कडेला बसून वाचायचा. हे बोलून दाखवावं असं धाकट्याच्या ओठांवर आलं. पण बाबा गेल्यावर दुकान ताईला द्यायचं ठरलं तेव्हा दोघा भावांत एक अख्खं वर्ष अबोल्यात गेलं होतं, आणि ते आठवून त्याने ओठ मिटून घेतले.

आतल्या खोलीत मोठी पत्र्याची पेटी होती. चार फूट लांब, दोन्ही बाजूंना कड्या. ती सगळ्यांत जड म्हणून सगळ्यांत शेवटी ठेवली होती. धाकट्याने एका बाजूने जोर लावला आणि पेटी अशी झटकन वर आली की तो भिंतीवर आपटता आपटता राहिला.

"ही एवढी हलकी कशी?"

ताई दारात उभी होती. तिने खाली बघितलं. पेटी रिकामी आहे हे तिला ठाऊक होतं.

बाबा शिंपी होते, कोट शिवणारे. प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं घेतली की ते खाकी कागदावर अंगाचा आकार काढून कापून ठेवायचे: पाठ, पुढा, बाही, कॉलर. त्याला ते नुसता 'कागद' म्हणायचे. त्याचा कागद काढ, तिचा कागद काढ. चाळीस वर्षांचे कागद नावानिशी गुंडाळून या पेटीत ठेवलेले होते. अर्धी माणसं त्यातली गेली होती. घरच्यांचेही होते. गेल्या हिवाळ्यात आईने ताईला विचारलं होतं, "पेटी दुकानात नेतेस का? माझ्या मागे कोण बघणार?" आणि ताई म्हणाली होती, "आई, कोट शिवून घेतंय कोण आता? मी चेन बदलते आणि पँटी आखूड करते. कुठे ठेवू?" आईने परत विचारलं नाही. ताईला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याचीच तिला आता लाज वाटत होती.

"मी रिकामी केली ना," दादा म्हणाला. त्याचा आवाज जरा वर चढला, व्याख्यानात चढायचा तसा. "त्या गुरुवारी. तू आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होतीस. मी इथे बसलो होतो, पेटी उघडली, बघितलं तर नुसते कागद. मेलेल्या माणसांची मापं. खालच्या रद्दीवाल्याला हाक मारली, तो दोन फेऱ्यांत घेऊन गेला. आई आली, पेटी उघडून बघितली आणि काय म्हणाली ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. ते उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते या पेटीबद्दल होतं हे धाकट्याला आत्ता कळलं. दादा ही गोष्ट अकरा सभागृहांत सांगून आला होता. नुसतं समाधान बोलणारे खूप भेटतात, तो म्हणायचा, पण जगणारं माणूस मी माझ्या घरात बघितलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, एक पुस्तक न वाचलेली. गेल्या महिन्यात तीनशे लोक होते आणि या वाक्याला ते उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"आई," दादाने बाहेरच्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "काय म्हणालीस गं तू तेव्हा?"

"बरं केलंस म्हणाले," आई म्हणाली.

"बघा."

दार उघडंच होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई आत आल्या. नोकरी सोडून दहा वर्षं झाली तरी चालताना त्यांच्या पायांचा आवाज होत नसे. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"मावशी, तुम्ही निघालात असं कळलं म्हणून आधी हे आणलं," त्या म्हणाल्या. "मी मुलीकडे होते ना सव्वादोन महिने, तिच्या बाळंतपणाला. काल आले. म्हटलं, यांची वस्तू माझ्याकडे राहून जायची."

आईचा दोरा गुंडाळणारा हात थांबला. "राहू द्या ना. नंतर दिलंत तरी चाललं असतं."

"नंतर कशाला? त्या दिवशी किती जीव होता तुमचा यात." नर्सबाई ताईकडे वळल्या. "जिन्याच्या वळणावर पडल्या तेव्हा हे उराशी धरलेलं. मी हात सरळ करायला बघतेय तर सोडेनात. स्ट्रेचरवर घेतानाही तेच. शेवटी मी शपथ घातली, की मी सांभाळते, तेव्हा दिलं."

"आईच्या हातात दूध होतं," धाकटा म्हणाला. "ती दूध आणायला उतरली होती."

"दूध? यांचं दूध तर रोज दारात येतं." नर्सबाईंना आपण काय बोलत आहोत याची कल्पना नव्हती. "या रद्दीवाल्याकडून येत होत्या. सकाळी आठलाच उतरल्या होत्या, काठी घेऊन. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, कालच चुकून थोडे कागद गेलेत."

त्या पिशवी टेबलावर ठेवून, उद्या निघताना येते म्हणून गेल्या.

दूध दारात येतं हे तिघांनाही माहीत होतं. धाकट्याने स्वतः त्या दुधाची सोय करून दिली होती. हॉस्पिटलमध्ये आई म्हणाली दूध आणायला गेले, आणि तिघांनी मान डोलावली होती. तिला पुढे विचारलं असतं तर काहीतरी ऐकावं लागलं असतं. धाकट्याला ते आता लख्ख दिसलं आणि त्याचे कान तापले. ताई नुसतीच खोक्याच्या कडेवर बसली.

"आजी," टाचणी म्हणाली, आणि टोचायचं सोडून तिने आजीपुढे चहाचा कप ठेवला. असं तिचं सहसा होत नसे.

दादाने विचारलं, "शुक्रवार होता तो?"

आई दोऱ्याचं टोक शोधायला लागली.

"मी गुरुवारी पेटी रिकामी केली आणि तू शुक्रवारी पडलीस."

"पाय घसरला माझा," आई म्हणाली. "वयाने घसरला. तू नव्हतास तिथे."

तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. त्या सकाळी ती रद्दीच्या दुकानात पोचली तेव्हा पहाटेच्या गाडीने बहुतेक गठ्ठे गेले होते. कोपऱ्यात थोडेसे उरले होते. रद्दीवाला भला माणूस, त्याने तिला बसायला डबा दिला. तिने एकेक गुंडाळी उलगडून बघितली. बँकेचे मॅनेजर सापडले, ताईचा शाळेचा गणवेश सापडला, धाकट्याचा लग्नातला सूट सापडला. एका हातात काठी होती. दुसऱ्या हातात एकच मावणार होतं. तिने एक घेतलं आणि बाकीचं ठेवून दिलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात फारसं दुःखही झालं नव्हतं. एवढं मिळालं, पुरे, असं म्हणून ती जिना चढायला लागली होती. दोन मजले बरोबर चढली होती.

ताईने पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. खाकी कागद मधे दुमडून चुरगळला होता. तिने सवयीने तळहाताने सुरकुती सारखी केली. कोटाची पाठ होती. वर बाबांच्या पेन्सिलीत दादाचं घरातलं नाव आणि त्याखाली लिहिलेलं: कॉलेजच्या नोकरीसाठी.

तो कोट दादाला चांगला आठवत होता. राखाडी. त्या कोटात तो पहिल्या दिवशी वर्गात उभा राहिला आणि पोरं गप्प बसली होती. नंतर त्याने तयार कोट घेतले, तयार शर्ट घेतले, पण अंगावर कुठलाच तसा बसला नाही. दोन वर्षांपूर्वी तो राखाडी कोट त्याने कुणाला तरी देऊन टाकला होता.

"माझाच का आणलास?" त्याने विचारलं. आवाज व्याख्यानातला राहिला नव्हता.

"ताई स्वतःचं स्वतः शिवते," आई म्हणाली. "धाकट्याला बायको आहे, ती बघते. तुझं माप कुणाकडेच नाही."

दादाने कागदाकडे बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघणं त्याला जमेना. खांद्याच्या टोकाशी एक लहानसं वर्तुळ होतं आणि शेजारी 'अर्धा' असं लिहिलेलं.

"हे काय?"

ताईने आईकडे बघितलं. "काही नाही. दुकानातली खूण आहे."

"कसली खूण?"

"असते रे. शिंप्याची."

"ताई."

"सांग त्याला," आई म्हणाली. "आता तो गिऱ्हाईक कुठे राहिलाय?"

ताईने बोट वर्तुळावर ठेवलं. "तुझा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे. लहानपणापासून. बाबा आतून कापसाचा एक थर जास्त लावायचे. वरून दोन्ही सारखे दिसायचे."

दादाने उजव्या हाताने डावा खांदा चाचपला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस आपलाच खांदा पहिल्यांदा भेटल्यासारखा चाचपत होता, आणि टाचणीने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"मला कधी सांगितलं नाही कुणी."

"सांगायचं नसतं," ताई म्हणाली. "बाबांचा नियम. गिऱ्हाइकाच्या अंगातलं न्यून गिऱ्हाइकाला कळता कामा नये. कागदावर खूण करायची, कापडात भरून काढायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. नाहीतर माणूस जन्मभर आरशात तेवढंच बघत बसतो."

"म्हणून मला दूध सांगितलंस," दादा आईला म्हणाला.

आईने वॉकर जरा जवळ ओढला.

मग एकेक करून त्याला सगळं दिसायला लागलं, आणि ते थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. पुस्तकं वाटून टाकली म्हणत होता ती धाकट्याच्या माळ्यावर होती. फोन सोडला म्हणत होता तो ताई गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावता लावता उचलत होती. दोन शर्टांत भागतं म्हणत होता ते दोन शर्ट दर सोमवारी ताईच्या मशीनमध्ये जात होते. एक ताट पुरत होतं, कारण दर गुरुवारी आई त्याला जेवायला वाढत होती आणि डबा भरून देत होती. त्याच्या रिकाम्या खोलीच्या आतून सगळ्यांनी मिळून कापसाचा थर लावला होता, आणि वरून दोन्ही खांदे सारखे दिसत होते. त्या खांद्यांवर तो अकरा सभागृहांत उभा राहिला होता. आईच्या पडण्याबद्दलही बोलला होता. जिन्यावर पाय घसरणं आपल्या हातात नसतं, असं त्याने शांतपणे सांगितलं होतं, आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले होते.

त्या जुन्या लोकांचं एक म्हणणं तो पस्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आला होता. वस्तू जाणं हे वाईट नव्हे, गरिबी वाईट नव्हे, मरणही नव्हे. आपल्या हातून झालेलं वाईट तेवढंच खरं वाईट. परीक्षेत हा प्रश्न दर वर्षाआड यायचा. पेटी त्याची नव्हती. कागद त्याचे नव्हते. जिच्यात आपला जीव अडकलेला नाही ती वस्तू सोडायला काय लागतं? आणि स्वतःचा मोठेपणा तर त्याने इतका जपला होता की गेल्या दोन वर्षांत तो वाढला होता.

त्याला लाज वाटली. त्याने खाकी कागदाची वर आलेली कड बोटाने दाबून धरली.

"अर्ज," शेवटी धाकटा म्हणाला. "सही तेवढी करून टाक दादा. उद्या दहाला पोचायचंय." त्याने तो खिशातून काढून खाकी कागदाच्या कडेला ठेवला.

दादाने पेन काढलं आणि सवयीने आधी वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर एक रकाना होता: सदर व्यक्तीस घरी ठेवणे का शक्य नाही, प्रत्येक अपत्याबाबत कारण द्यावे. धाकट्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं. मुलगी: निवास माळ्यावर, शिडी. धाकटा मुलगा: घरात अंथरुणाला खिळलेले रुग्ण. मोठा मुलगा: एकच खोली, घरात सामान नाही.

त्याने ती ओळ दोनदा वाचली. त्याची खोली तळमजल्यावर होती. उंबरठाही नव्हता. खिडकीतून सकाळभर ऊन यायचं. चार माणसं झोपतील एवढी जागा मोकळी पडलेली होती, आणि ती मोकळी आहे हेच तो लोकांना सांगत फिरत होता.

"मला का नाही विचारलंस?"

धाकट्याने मानेवरून हात फिरवला. "विचारलं असतं तर तू आईला समजावून सांगितलं असतंस. दोन फुटांचं कपाट वगैरे. आणि ती बरं म्हणाली असती. मला ते ऐकवलं नसतं." थोडं थांबून तो म्हणाला, "मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. थोडे दिवस म्हणालो मी तिला. अर्जात कायम लिहिलंय."

"मला माहीत आहे ते," आई म्हणाली. "वाचता येतं मला. तू आंघोळीला गेलास तेव्हा वाचला मी अर्ज."

धाकटा खाली बसला.

दादाने पेनचं टोपण लावलं. खिडकीशी गेला आणि उभा राहून बोलणं बरं दिसेना म्हणून आईच्या समोर जमिनीवर बसला. गुडघे वाजले.

"आई, माझ्याकडे येशील?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. घाईने हो म्हणायला ती काही कालची पोर नव्हती.

"तुझ्याकडे बसायला काय आहे?"

"एक खुर्ची आहे."

"मी बसले तर तू कुठे बसशील?"

"आणेन अजून एक."

"कुठून?"

"इथून." त्याने आजूबाजूच्या खोक्यांकडे बघितलं. "इथलंच नेईन. कपही नेईन."

"मला उठवावं लागतं. न्हाणीघरात न्यावं लागतं. दुखलं की मी चिडते, वाट्टेल ते बोलते. त्याचं व्याख्यान होत नाही."

"नाही होणार."

"होईल," टाचणी म्हणाली, पण हळू आवाजात. "मी येईन तपासायला."

"मला एकटीला न्यायचं म्हणत असशील तर मी येत नाही," आई म्हणाली. "माझ्याबरोबर शिवणयंत्र येईल. ही खुर्ची येईल. पेटी येईल."

"पेटी रिकामी आहे, आई."

"मला ठाऊक आहे रिकामी आहे ते. रिकामीच येईल."

दादाने मान खाली घातली. ती त्याच्या भिंतीशी राहणार होती, चार फूट लांब, आणि रोज सकाळी त्याला दिसणार होती.

"शिक्षा म्हणून नाही रे," आई म्हणाली. "बूट घालताना टेकायला तिची उंची बरोबर आहे." मग दोरा पुन्हा गुंडाळायला घेत ती म्हणाली, "आणि गुरुवारी त्या लोकांना माझी गोष्ट सांगणार असशील तर जिन्यापर्यंत सांग. मधेच सोडू नकोस."

"सांगेन," तो म्हणाला. ते बोलताना तीनशे लोक त्याला समोर दिसले, आणि या वेळी त्यांच्यातलं कुणी उभं राहणार नव्हतं.

ताईने खाकी कागद परत गुंडाळला, दोरी बांधली आणि पेटीत ठेवला. धाकट्याने अर्जाची घडी केली. फाडावा की ठेवावा हे त्याला ठरवता येईना. तो माणूस सावध होता, त्याने तो पुन्हा खिशात घातला. दादाने ते बघितलं. त्याला राग आला नाही. धाकट्याच्या जागी असता तर त्यानेही तो ठेवलाच असता.

"आधी पेटी नेऊ," दादा म्हणाला. "तिला जागा लागते. मग बाकीचं."

धाकटा पुढे उलटा उतरत होता, दादा वरच्या बाजूने. वजन असं नव्हतंच, आत एक गुंडाळी तेवढी इकडून तिकडे सरकत होती. जिना अरुंद. दुसऱ्या मजल्याच्या वर, जिथे पायऱ्या वळतात, तिथे दोघेही न ठरवता थांबले. पायरीची कड तुटलेली होती. कठड्याला एकच रंग उडालेली सळई होती, आणि तिच्याखाली कागद उराशी धरून आई किती वेळ तशी पडून राहिली असेल, याचा दोघांनीही विचार केला.

"चल," दादा म्हणाला.

धाकटा एक पायरी उतरला आणि त्याने वर बघितलं. पेटी एका बाजूला कलत होती. तो काही बोलणार होता, मग थांबला, आणि मग बोललाच.

"दादा, तुझी डावी बाजू खाली जातेय."

दादाने डावा हात वर घेतला.

"अजून थोडी," धाकटा म्हणाला. "हां. आता बरोबर आहे."